वाचकांचे प्रश्न: चामड्यावरची नक्षी कागदावर उतरवताना

मागच्या अंकात युरोपातल्या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या चामडी पुस्तकबांधणीवर लेख होता. तापवलेल्या पितळी ठशांनी, सोनं न लावता, चामड्यात दाबून उठवलेली नक्षी हा त्याचा विषय. तशा नक्षीचं कागद आणि पेन्सिलीने रबिंग कसं घ्यायचं, यावर बरीच पत्रं आली. निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मग नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचा हा शाळकरी उद्योग संशोधनात अजून का चालतो? (वाचक, पुणे)

उत्तर: रबिंगकडे चित्र म्हणून पाहिलं तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण रबिंग हे मुळात माप आहे. चामड्यावरचा ठसा ३२ मिलिमीटर उंच असेल, तर कागदावरही तो ३२ मिलिमीटरच उतरतो. फोटोत तसं होत नाही. भिंगामुळे कडा वाकतात, मोबाइल थोडा तिरका धरला की चौकोनाचा समलंब होतो, आणि फोटो कुणी कितीही मोठा करून छापू शकतं. जर्मनीतल्या शेकडो कारखान्यांकडे फुलाचे, हरणाचे, गरुडाचे जवळपास सारखेच ठसे होते. त्यातला अमुक ठसा अमुक बाइंडरचा, हे ठरवताना एकदीड मिलिमीटरच्या फरकावरही निर्णय फिरतो.

दुसरा फायदा असा की रबिंगमध्ये डाग, रंग, चामड्याची चकाकी यांतलं काहीच येत नाही, फक्त उठाव आणि खोलवा येतो. म्हणून पन्नास वर्षांच्या अंतराने दोन माणसांनी दोन शहरांत घेतलेली रबिंगं एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरता येतात. या विषयाचा पाया अशाच गठ्ठ्यांवर उभा आहे. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एच. जे. वील यांनी १८९०च्या दशकात साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातल्या (आताचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) बांधण्यांची आणि रबिंगांची सूची केली. जर्मनीत पाउल श्वेंके यांनी जमवलेल्या रबिंगांवर पुढे इल्झे शुंके यांनी काम केलं. श्टुटगार्टचे एर्न्स्ट किरिस यांचा संग्रहही असाच मोठा. जर्मनीतले हे संग्रह आता तिथल्या ग्रंथालयांच्या बांधणी-डेटाबेसमध्ये चकटफू पाहता येतात.

म्हणजे फोटो नको असं नाही. फोटो आणि रबिंग दोन्ही हवीत. पण दोन्हींतलं एकच घेण्याची परवानगी असेल आणि चामडं धडधाकट असेल, तर रबिंग घ्या.

प्रश्न: साहित्य काय लागतं? मी स्टेशनरीच्या दुकानातून बटर पेपर आणला, पण पेन्सिल उमटतच नाही. (वाचक, नाशिक)

उत्तर: बहुधा तुम्हाला स्वयंपाकघरातला बटर पेपर मिळाला. नानकटाई भाजताना ट्रेमध्ये घालतात त्या कागदावर सिलिकॉनचा लेप असतो, ग्रॅफाइट त्याला धरत नाही. चित्रकलेच्या दुकानातला बटर पेपर वेगळा. तो चालतो, पण जाड घेऊ नका.

कागद दर चौरस मीटरला २० ते ३० ग्रॅम वजनाचा, चिवट आणि गुळगुळीत हवा. जुन्या एअरमेल पॅडचा कागद, ओनियन स्किन किंवा घट्ट विणीचा पातळ जपानी कागद यांतलं काहीही चालेल. झेरॉक्सचा कागद ७५ ग्रॅमचा असतो. तो बारीक खोलव्यावर पुलासारखा ताणून बसतो आणि हरणाची शिंगं गायब होतात. ९० ग्रॅमचा ट्रेसिंग पेपरही त्याच कारणाने बाद.

पेन्सिल ४बी ते ६बी. एचबीचं शिसं कडक, उठाव दाखवायला जोर लावावा लागतो आणि तो जोर चामड्यावर पडतो. ८बीच्या पुढे शिशाची भुकटी इतकी पडते की खोलगट भागही करडा होतो. लाकूड नसलेली, अख्खी ग्रॅफाइटची पेन्सिल मिळाली तर उत्तम, ती आडवी धरायला सोपी जाते. साध्या पेन्सिलीचं लाकूड पंधरा-वीस मिलिमीटर छिलून शिसं उघडं करा आणि ते रद्दी कागदावर एका बाजूने घासून सपाट करून घ्या.

याखेरीज कापडी पट्टीत शिशाचे छर्रे भरून शिवलेली दोन-तीन वजनं, पुस्तकाला आधार द्यायला फोमचे तुकडे, मऊ ब्रश आणि पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी लागते. स्टीलची पट्टी चामड्याजवळही नको, तिच्या कोपऱ्याने ओरखडा पडतो. चिकटपट्टी कुठलीच नको, ‘सहज निघते’ अशी जाहिरात असलेलीही नको. मेणाचे खडू, कार्बन पेपर आणि शाई घरीच ठेवा. पातळ कागदातून मेण झिरपून चामड्यावर बसलं, तर ते पुन्हा निघत नाही.

प्रश्न: प्रत्यक्ष कृती क्रमाने सांगाल का? मला डिसेंबरमध्ये जर्मनीतल्या एका ग्रंथालयात डुकराच्या पांढऱ्या चामड्याच्या बांधण्यांवर काम करायचं आहे. (वाचक, मुंबई)

उत्तर: तुरटी लावून कमावलेलं डुकराचं चामडं हे नवशिक्यासाठी नशीबच म्हणायचं. ते टणक असतं, ठसे खोल बसलेले असतात आणि चारशे-पाचशे वर्षांनंतरही रेषा करकरीत राहतात. वासराच्या तपकिरी चामड्याचा वरचा थर घासला जातो, तिथे जास्त सांभाळावं लागतं.

आधी विचारा. पुष्कळ ग्रंथालयं आता रबिंगला परवानगी देत नाहीत, देतात तिथे त्यांचा माणूस शेजारी बसतो. पुस्तकाचा क्रमांक, वरची फळी (चामड्याखालचं कडक आवरण) की खालची, तारीख, तुमची आद्याक्षरं, सगळं कागदावर आधीच लिहून ठेवा. कागद चामड्यावर असताना त्यावर लिहिणं ही सगळ्यात मोठी घोडचूक. बॉलपेनची एक ओळ चामड्यावर कायमची कोरली जाते.

पुस्तक बंद ठेवा. फळी उघडून हवेत धरून घासलं, तर सगळा भार सांध्यावर येतो. खालच्या फळीवर पितळी उंचवटे किंवा आकड्या असतील, तर त्यांच्यासाठी जागा सोडून फोम लावा, म्हणजे वरची फळी समतल राहते आणि डुगडुगत नाही. चामडं घट्ट असेल तर मऊ ब्रशने कण्याकडून बाहेरच्या कडेकडे धूळ काढा. हे टाळू नका. कागदाखाली राहिलेला वाळूचा एक कण घासताना सुईच्या टोकासारखा चामड्यावर फिरतो.

कागद नक्षीपेक्षा सगळीकडून तीन सेंटिमीटर मोठा कापा. समोरासमोरच्या दोन कडांवर वजनं ठेवा, नक्षीवर किंवा धातूवर नाही. घासण्याआधी स्वच्छ सुती कापडाच्या बोळ्याने कागद हलकेच थोपटा, म्हणजे तो ठशाच्या कडांवर बसतो. बोटाने दाबू नका, कागद खोलव्यात शिरला की तिथेही काळं होतं.

मग पेन्सिल जवळजवळ आडवी धरा, कागदाशी दहा-पंधरा अंशांवर. मधून बाहेर, एकाच दिशेने, पेन्सिलीच्या वजनापेक्षा थोडाच जास्त दाब देऊन घासा. पहिल्या फेरीत फिकट करडं दिसेल, दिसू द्या. तीन-चार फेऱ्यांत उठाव काळा होतो आणि खोलवा पांढरा राहतो. एखादी बाजू फिकी वाटली तर शेवटची फेरी काटकोनात घ्या. पुरे झालं का हे पाहायला एकच टोक उचला, दुसरं वजन तसंच राहू द्या. दोन्ही टोकं उचलली की कागद परत त्याच जागी बसत नाही.

अस्पष्ट रेष हाताने गडद करायचा मोह आवरा. तुम्ही काढलेली रेष म्हणजे तुमचा अंदाज, पुढच्या अभ्यासकाला ती पुरावा वाटेल.

एक गोष्ट बहुतेक पुस्तकांत सापडत नाही, पण ती फार कामाची आहे. रबिंग झालं की कागद टेबलावर घेऊन त्याच्या कोऱ्या कडेला, एक आडवी आणि एक उभी, अशा बरोबर १०० मिलिमीटरच्या दोन रेषा त्याच दिवशी काढा. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्यात आक्रसतो, आणि तोही दोन दिशांना सारखा नाही. डिसेंबरात गरम केलेल्या, कोरड्या वाचनालयात घेतलेलं रबिंग तुम्ही जुलैत मुंबईत मोजाल, तेव्हा त्या रेषा किती झाल्या ते पाहून दुरुस्ती करता येईल. झेरॉक्स किंवा स्कॅन किती खरं आलं, हेही त्याच रेषा सांगतात.

आणि अख्ख्या फळीचं रबिंग घेऊ नका. ते दिसायला छान, पण पुस्तकाला त्रास आणि तुम्हाला उपयोग थोडा. प्रत्येक वेगळ्या ठशाचे दोन-तीन चांगले नमुने घ्या, कारण हाताने मारलेला ठसा दर वेळी सारखा दाबलेला नसतो. आणि ते ठसे फळीवर कसे मांडले आहेत याची एक साधी आकृती वहीत काढा.

प्रश्न: आम्ही शिलालेखांचे ठसे ओल्या कागदावर घेतो. दगडावर चालतं ते चामड्यावर का नाही? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: अजिबात नाही. जुनं, वनस्पतीच्या सालीने कमावलेलं चामडं ओलं झालं की काळं पडतं आणि वाळताना कडक होऊन आक्रसतं. ते परत पूर्ववत होत नाही. त्यात तुम्ही कागद ब्रशने ठोकता आणि वर शाईचा बोळा मारता, म्हणजे आघात आणि डाग दोन्ही. शिलालेखाच्या ठशातून इथे उपयोगी पडेल ती एकच सवय: कागदाची सुरकुती मध्यापासून कडेकडे काढणं. तीही कोरडी.

प्रश्न: माझ्या रबिंगमध्ये प्रत्येक रेष दुहेरी येते, काही ठिकाणी सगळं करडं होतं. कुठे चुकतं? (वाचक, सांगली)

उत्तर: दुहेरी रेष म्हणजे कागद सरकला. दोन्ही बाजूंना, पुढे-मागे घासलं की हे हमखास होतं, म्हणून दिशा एकच ठेवा आणि वजनं दोन्ही कडांवर ठेवा.

सगळं करडं होण्याची तीन कारणं असतात. दाब जास्त, शिसं फार मऊ, किंवा कागद इतका पातळ आणि लुळा की तो खोलव्यात उतरतो. तिसरं कारण जपानी टिश्यूत नेहमी भेटतं, तिथे थोडा ताठ कागद घ्या. नक्षीऐवजी बारीक ठिपक्यांचे झुबके आले तर घाबरू नका, ती डुकराच्या चामड्याची केसांची छिद्रं, बहुधा तीन-तीनच्या गटात. तेवढ्याने चामडं कोणाचं हे कळतं, ते वहीत नोंदवा. एकच गडद काळी ओळ पुन्हा पुन्हा उमटत असेल तर ताबडतोब थांबा: शिशात खर आहे किंवा कागदाखाली कण आहे.

काहीच उमटत नसेल तर ठसा झिजला आहे. जोर वाढवू नका. खोली अंधारी करून टॉर्च फळीच्या जवळजवळ समांतर, डाव्या वरच्या कोपऱ्यातून धरा आणि फोटो घ्या. मोबाइल असेल तर फार जवळ जाऊ नका. थोडं मागे सरकून दुप्पट झूम वापरा, वाकडेपणा कमी होतो. पट्टी चामड्यावर न ठेवता, फोमवर उचलून फळीच्याच पातळीत ठेवा. ज्यांच्याकडे वेळ आहे ते आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग) करतात: कॅमेरा स्थिर, दिवा निरनिराळ्या दिशांनी फिरवत पन्नासेक फोटो, चौकटीत एक चकचकीत काळा गोळा, आणि मग संगणकावर हवा तसा प्रकाश फिरवून पाहायचा. २००१ मध्ये टॉम माल्झबेंडर यांनी मांडलेल्या पद्धतीवर हे आधारलेलं आहे. झिजलेल्या वासराच्या चामड्यावर ते रबिंगपेक्षा कितीतरी जास्त दाखवतं.

प्रश्न: चौकटीच्या पट्ट्यांवर माणसांची डोकी ओळीने येतात. त्यांचं माप नेमकं कसं घ्यायचं आणि बाइंडर कसा ओळखायचा? (वाचक, बर्लिन)

उत्तर: ती चाकाची नक्षी आहे. रांगोळीचं छिद्रांचं नळकांडं फिरवलं की तीच वेलबुट्टी पुन्हा पुन्हा पडते, तसंच पितळी चाकाच्या घेरावर चित्र कोरलेलं असे आणि तापवून ते चामड्यावर फिरवत. म्हणून तुम्हाला दोन मापं हवीत: पट्टीची रुंदी, आणि एका पूर्ण फेरीची लांबी.

लांबीसाठी एक ठळक खूण निवडा, उदाहरणार्थ एका डोक्याच्या नाकाचा शेंडा. तिथपासून त्याच डोक्याच्या पुढच्या नाकापर्यंत मोजा. डोकी सारखी दिसतात तरी टोपी, दाढी, मान वळवलेली बाजू यांत फरक असतो, त्यावरून पुनरावृत्ती ओळखा. सोळाव्या शतकातल्या चाकांत हे अंतर साधारण १२ ते २० सेंटिमीटर असतं, म्हणून रबिंग त्याहून लांब घ्या. अर्ध्या फेरीचं रबिंग कुणाच्याच कामाचं नाही. फळीच्या दोन बाजूंवर मोजा. चाक तिरकं धरलं, चामडं ओलसर होतं, नंतर आक्रसलं, यामुळे एकाच चाकाच्या दोन मापांत दोनेक मिलिमीटरचा फरक येऊ शकतो. रुंदी मोजताना बाहेरच्या रेघा धरल्या की नाहीत, ते लिहा. सूचीतलं माप जुळत नाही अशी तक्रार बऱ्याचदा याच एका गोष्टीपाशी मिटते.

ओळखण्यासाठी कोनराड हेब्लर यांची १९२८-२९ची चाकं आणि पाटठशांची (एकाच दाबात उमटणाऱ्या मोठ्या ठशांची) सूची अजूनही जवळ ठेवावी लागते, डेटाबेसमध्ये आकृती आणि मिलिमीटर दोन्हींनी शोधता येतं. इंग्लंडसाठी जे. बेसिल ओल्डहॅम यांची १९५२ची वर्गवारी आहे, त्यात गोल पदकातल्या डोक्यांना ‘एच. एम.’ (हेड्स इन मेडॅलियन्स) हे संक्षिप्त नाव आहे.

जर्मनीतल्या विटेनबर्ग आणि आसपासच्या चाकांवर ल्यूथर, मेलांकथन या धर्मसुधारकांची चित्रं, बाइंडरची आद्याक्षरं आणि कधी साल कोरलेलं असतं. ते साल चाक कोरल्याचं, पुस्तक बांधल्याचं नव्हे. चाक वीस-तीस वर्षं वापरात राही, मालक मेला की विकलं जाई आणि दुसऱ्या गावी जाई. म्हणून ‘१५४१’ दिसलं की पुस्तक त्या वर्षी किंवा त्यानंतर बांधलं, एवढंच म्हणता येतं. आणि एका चाकावरून बाइंडर ठरवू नका. दोन-तीन ठसे एकत्र, दुसऱ्या एखाद्या पुस्तकावरही एकत्रच सापडले, तरच कारखान्याचं नाव घ्यावं.

प्रश्न: आमच्याकडे एकोणिसाव्या शतकातली कापडी बांधणीची इंग्रजी पुस्तकं आहेत, पुठ्ठ्यावर दाबलेली वेलबुट्टी. त्यांचं रबिंग घेता येईल का? (वाचक, ठाणे)

उत्तर: येईल, आणि शिकण्यासाठी हीच पुस्तकं बरी. इथे चाक नाही. संपूर्ण पितळी पत्रा यंत्राने एका फटक्यात दाबलेला आहे, म्हणून एकाच आवृत्तीच्या सगळ्या प्रतींवर नक्षी तंतोतंत सारखी हवी. नसेल, तर प्रकाशकाने नंतरच्या गठ्ठ्याला दुसरा पत्रा वापरला असणार, आणि ते रबिंग एकमेकांवर ठेवताच कळतं. कापडाची दाणेदार किंवा रेघांची पोत रबिंगमध्ये नक्षीत घुसते. तिला त्रास समजू नका, तीही नोंदवण्यासारखी गोष्ट आहे.

सांभाळायचं ते खळीचं. या कापडात स्टार्च भरलेला असतो. पावसाळ्यात घामेजलेल्या हाताने धरलं तरी डाग पडतो आणि बुरशीला खाऊ मिळतो. हात धुवून पूर्ण कोरडे करा. कण्यावरच्या सोनेरी अक्षरांवर पेन्सिल नेऊ नका.

प्रश्न: घराण्यातल्या एका फारसी पोथीच्या चामडी वेष्टणावर मधोमध बदामाच्या आकाराचं पदक आहे, त्यात सोनेरी रंग. रबिंग घेऊ का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: नको. दख्खनी आणि इराणी बांधणीत या पदकाच्या खोलव्यात सोनं आणि रंग असतात, ते जुने झाले की पापुद्र्यासारखे सुटतात. कागदाच्या घर्षणाने ते कागदालाच चिकटून येतील. लाखेच्या रोगणाची वेष्टणं, मखमल, भरतकाम, यांनाही हाच नियम. तिरक्या प्रकाशात फोटो घ्या, पदकाची लांबी-रुंदी त्यावरून काढा. बाजूच्या पाकळीची घडी (पुस्तकावर पुढून दुमडते ती) उघडताना खालून आधार द्या, तिचा सांधा पहिल्यांदा तुटतो.

याच यादीत लाल भुकटी सुटणारं चामडंही धरा. बोट फिरवल्यावर विटकरीसारखी पूड लागली, तर ते चामडं आतून कुजलं आहे. त्यावर कागदसुद्धा ठेवू नका.

प्रश्न: रबिंग झाल्यावर त्यावर स्प्रे मारावा का? ठेवायचं कसं? (वाचक, मडगाव)

उत्तर: ग्रॅफाइट पुसलं जातं म्हणून फिक्सेटिव्ह मारतात, पण तो मारायचाच असेल तर वेगळ्या खोलीत, पुस्तकं नाहीत अशा ठिकाणी. न मारताही चालतं: प्रत्येक रबिंगवर एक ग्लासिन किंवा गुळगुळीत आम्लरहित कागद ठेवा आणि सपाट फोल्डरमध्ये ठेवा. गुंडाळू नका, घडी घालू नका. पारदर्शक पॉलिएस्टरच्या पिशव्या छान दिसतात, पण त्यांतल्या स्थिर विजेने सुटं ग्रॅफाइट उचललं जातं आणि रबिंगची उलटी सावली प्लॅस्टिकवर उमटते. पीव्हीसीच्या फाइली तर नकोच. गोव्याच्या दमट हवेत कसर लागते, म्हणून फोल्डर भिंतीला टेकलेल्या कपाटात, तळच्या फळीवर ठेवू नका.

स्कॅन पहिल्याच आठवड्यात करा: ६०० डीपीआय, ग्रेस्केल, टिफ, धारदारपणा वाढवणारी सेटिंगं बंद. आणि त्या १०० मिलिमीटरच्या रेषा चौकटीत येतील याची खात्री करा.